तो लाल डोळा मीच ओळखला!

मित्रांनो, माझ्यापुढे भल्याभल्यांना हनुवटी टेकावी लागते! मी डोळे तपासण्याचे एक जुने यंत्र आहे. लोखंडी पाय, जाड भिंगे आणि सुरीच्या पात्यासारखा बारीक प्रकाश, एवढाच माझा संसार.

डॉक्टरीणबाईंनी दवाखाना थाटला तेव्हा मी नवेकोरे होते. पुढे पडदेवाली यंत्रे आली आणि मी कोपऱ्यात गेले. कुणी माझ्यावर छत्री अडकवी, कुणी पिशवी. वाईट वाटायचे हो! पण माझा तोरा काही उतरला नाही.

एकदा नव्या यंत्राचा दिवा गेला आणि नेमके तेव्हाच घड्याळे दुरुस्त करणारे घड्याळजी बायकोसोबत आले. एक डोळा लालबुंद.

"डोळे आलेत, दुसरं काही नाही. थेंब द्या, निघतो," ते म्हणाले.

"कसले डोळे आलेत!" त्यांची बायको कडाडली. "नाकातून रक्त येतंय, सांधे धरलेत, डोळ्याच्या ठणक्यानं झोप नाही. अंधुक दिसतं, तर हे आपले घड्याळाचं भिंगच पुसत बसतात!"

डॉक्टरीणबाईंनी मला पुढे ओढले. लाली उतरवणारा थेंब घड्याळजींच्या डोळ्यात घातला. वरवरची लाली ओसरली. मग मी प्रकाश आत सोडला, तर काय! खोलवरच्या शिरा तशाच, जांभळट आणि सुजलेल्या.

"हे डोळे येणं नव्हे," बाई म्हणाल्या. "शरीराची राखण करणारी शक्तीच रक्तवाहिन्यांवर उठलेली दिसतेय. कुंपणच शेत खातंय. उशीर केला तर डोळा जाईल."

घड्याळजींचा चेहरा उतरला. "दुसरा डोळा लहानपणापासून अधू आहे हो. हाच गेला तर मी करू काय?"

त्याच दिवशी बाईंनी त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. रक्त-लघवी तपासली आणि आमचे निदान खरे ठरले! औषधे लांबली, त्यांच्यामुळे तोंड सुजले, चिडचिड झाली. पण डोळा वाचला.

परवा ते तपासणीला आले आणि बायकोकडे बघतच राहिले.

"तुझे केस कधी पिकले गं?"

"तुमच्या काळजीनं!" ती हसली आणि तिने डोळे पुसले. माझी तर छाती फुगली.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण लाल डोळा ठणकत असेल, अंधुक दिसत असेल, तर मनाने थेंब घालून घरी बसू नका. वेळेवर या. गेलेली नजर परत आणणे मलाही जमत नाही.