आधी खुर्ची

"कुणाचं गं?" खुर्ची ओढल्याचा आवाज ऐकून मोठ्या सिस्टरनी औषधांच्या ट्रेवरून मान न उचलताच विचारलं.

वॉर्डात खुर्ची सरकली की कुणीतरी गेलेलं असायचं. ही रीत त्यांनीच घालून दिलेली. नातेवाइकाला आधी बसवायचं, हातात पाणी द्यायचं आणि मग सरळ सांगायचं, गेले म्हणून. 'प्रकृती जरा नाजूक आहे' असलं गुळमुळीत बोलायचं नाही. आपण रडायचंही नाही. रडायची पाळी त्यांची. "मरण आपल्या हातात नाही, बायांनो," त्या म्हणायच्या. "सांगायचं कसं, तेवढंच आहे. तेवढं तरी धड करा." पाठीमागे सगळे त्यांना खुर्चीवाल्या बाई म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं.

आज खरं तर त्यांची रजा. यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, खालच्याच मजल्यावर. पण बाहेर बाकावर हातावर हात धरून बसणं त्यांना जमेना. "मी तिथे बसले म्हणून टाके चांगले पडणार आहेत का? इथे काम तरी होईल," म्हणत त्यांनी गणवेश चढवला. यजमानांनी जन्मभर बस चालवलेली. स्ट्रेचरवरून जाताना म्हणाले, "अगं, ड्रायव्हर कोण आहे ते बघून घे. मला मागे बसायची सवय नाही!"

"गप पडा हो आता," असं म्हणून त्यांनी चादर सारखी केली होती. हर्निया तो काय! संध्याकाळी भूक भूक करून जीव खातील, अशीच त्यांची खात्री.

खुर्ची ओढली होती ती धाकट्या सिस्टरनं. तिच्या हातातला ग्लास काठोकाठ भरलेला.

"अगं, कितीदा सांगितलं, अर्धा भरायचा! लोकांचे हात कापतात, पाणी अंगावर सांडतं." त्यांनी ग्लास घेऊन निम्मं पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि तिच्या हातात परत दिला. "आणि खुर्ची अशी मधोमध? माणूस मागे कोसळलं म्हणजे?" त्यांनी स्वतःच खुर्ची भिंतीला टेकवली, हलत नाही ना ते दाबून पाहिलं. "हं. बोलव आता. कोण आहे, मुलगा की बायको?"

धाकटी जागची हलली नाही.

"बायको," ती म्हणाली. "बसा ना, सिस्टर."

देवा रे! जिन्याच्या तोंडाशी सर्जन उभे होते, टोपी हातात घेऊन; पुढे यायचा त्यांना धीर होत नव्हता. मोठ्या सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे, मग खुर्चीकडे. आपल्याच हातांनी मांडली होती की! त्या बसल्या नाहीत, पडल्या. मागे भिंत होती म्हणून निभावलं.

"नुसता हर्निया होता गं," त्या म्हणाल्या. "सकाळी थट्टा करत होते."

"सिस्टर, त्यांची प्रकृती जरा..." धाकटी चाचरली.

"सरळ सांग."

"गेले. भूल दिली आणि हृदयच बंद पडलं." एवढं बोलून ती पोर हुंदके देऊन रडायला लागली. आज तिला कुणी रागावलं नाही.

मोठ्या सिस्टरनी ग्लास घेऊन तोंडाशी नेला. अर्धाच होता, तरी पाणी गणवेशावर सांडलं. आपल्याच हाताकडे त्या बघत राहिल्या.

"अजून कमी भरत जा," त्या म्हणाल्या.