डेअरीच्या पाटीवर ज्योतीचं नाव

माझी बायको ज्योती गेल्याचं मला दूध डेअरीच्या रांगेत कळलं. ती नगरला दवाखान्यात होती आणि मी तिच्या कार्डावर दूध घालायला उभा होतो. कार्ड टेकवलं. लाल अक्षरांच्या पाटीवर तिचं नाव आलं, यंत्रातली बाई बोलली, "चौऱ्याऐंशी, ज्योती रामहरी," आणि खिशातला फोन वाजला. मेव्हणा होता. काही सांगायच्या आधीच तो रडायला लागला. सगळ्या रांगेनं ते पाहिलं.

म्हणून पुढे जे झालं ते गावाला खरं वाटलं, यात नवल नाही.

तेरावा झाला. मी माझ्या नावाचं नवं कार्ड घेतलं, तिचं पेटीत कुलूप लावून ठेवलं. मग एका संध्याकाळी, सगळ्यांचं दूध घालून झाल्यावर, यंत्रापुढे कुणी नसताना पाटी पेटली. ‘८४ ज्योती रामहरी’. यंत्र बोललंसुद्धा. दुधाचा आकडा मात्र शून्य.

शेजारच्या कडूबाईच्या हातातली किटली खाली पडली. "आगं बया! ज्योती आली!"

दुसऱ्या दिवशी निम्मं गाव डेअरीपुढे. मग नारळ आले, उदबत्त्या आल्या. राहुरीकडून टेम्पो करून माणसं यायला लागली. आणि त्यांच्या मागोमाग टेकडीवरच्या मठातले वैजनाथ महाराज आले.

"पूर्वी आत्मे पिंपळावर राहत," महाराज सांगायचे. "आता पिंपळ तोडले, तारा ओढल्या. आत्म्यानं जावं कुठं? तारेतच ना? परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मान्य केलंय. चुंबकीय योनी म्हणतात तिला."

हे ऐकून शिकलेलीही माणसं मान हलवायची. मग महाराज डोळे मिटत, हात वर करत, "आली... आली..." म्हणत, आणि नाव यायचं. एखाद्या दिवशी आलं नाही तर गर्दीत कुणीतरी विटाळाचं आहे असं ठरायचं.

एकानं विचारलं, "म्हाराज, ती घरी का येत न्हाई?"

"जिथं जीव गुंतलेला असतो, तिथं आत्मा येतो."

सगळ्यांनी मच्छिंद्रकडे पाहिलं. मच्छिंद्र डेअरीचा सेक्रेटरी. काउंटरवर तोच बसायचा आणि ज्योती त्याच्याशी हसून बोलायची. मी घरी विचारायचो, "आज काय म्हणाला मच्छिंद्र?" ती म्हणायची, "फॅट कमी लागली म्हणाला." एवढंच. पण एवढ्यावर कुणी हसतं का, असं मला तेव्हाही वाटायचं.

आता मच्छिंद्र इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागला. केस काळे केले. पाटीला रोज हार घालायचा आणि नाव आलं की हात जोडून म्हणायचा, "या वहिनी." मला वाटायचं, ती पाटी उपटून विहिरीत टाकावी. घरी मी तिची गोधडी अंथरून ठेवत होतो, दार लोटून ठेवत होतो, कडी लावत नव्हतो. घरात एक भांडंसुद्धा वाजलं नाही. इतकी वर्षं माझ्याशी संसार केला, आणि यायचं ते त्याच्या काउंटरवर?

गावात हेवा करणारा मी एकटा नव्हतो. कडूबाई म्हणायची, "माजा मालक बी सभासद हुता की. मग रामहरीचीच बायकू का येते? माजा का न्हाई येत?" महाराजांनी तिला सांगितलं, कालवड मठात बांध, तोही येईल. तिनं बांधली. तो आला नाही. महाराज म्हणाले, वाटेत आहे.

मग माझी पाळी आली. "रामहरी, तिचा जीव गाईत अडकलाय. गाय मठात दे. मग ती डेअरीवर यायची नाही, तुझ्या घरी येईल."

आमची चंद्री ज्योतीनं कालवडीपासून वाढवली होती. तिच्या अंगाला ज्योतीचा हात लागला होता, आणि घरात तिची म्हणावी अशी तेवढीच राहिली होती. तरी मी हो म्हणालो. अमावस्येला द्यायची ठरली. ज्योती मच्छिंद्रकडे जाण्यापेक्षा गाय गेलेली बरी, असं मला वाटलं.

तोवर मी रोज डेअरीत उभा राहून मच्छिंद्रवर पाळत ठेवली. तो तिला खूण करतो का, काही पुटपुटतो का, ते बघत होतो. एक दिवस तो पुतणीच्या साखरपुड्याला गेला आणि करण नावाचा दुसरा माणूस बसला. त्या दिवशी नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मच्छिंद्र परत आला, आणि ज्योती आली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

आमच्याकडून दूध नेणाऱ्या लीनाबाई हायस्कुलात विज्ञान शिकवतात, सावेडीहून स्कूटरवर येतात. त्यांच्यापुढे मी एकदम बोलून गेलो, "मच्छिंद्र नसला की ती येत नाही, बाई. त्याच्यासाठीच येते."

त्यांनी किटली खाली ठेवली. "रामहरीभाऊ, मच्छिंद्र नसला की डेअरीत आणखी काय नसतं?"

मी विचार केला. माझ्या डोळ्यांपुढे सगळं होतं, इतकं मी त्याला न्याहाळलं होतं. दूध घालून संपलं की मच्छिंद्र रिकामा कॅन वजनकाट्यावर ठेवतो आणि दूध गार करणाऱ्या कूलरचं बटण दाबतो. दिवा जरा मंद होतो. मग नाव येतं. करण कॅन खाली जमिनीवर ठेवायचा. आणि मिटलेल्या डोळ्यांच्या महाराजांची एक पापणी कायम त्या बटणाकडे उघडी असायची.

"कॅनचं वजन किती?" बाईंनी विचारलं.

"आठ किलो चारशे." बोललो आणि तेच आकडे मला पाटीवर दिसले.

अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी, गर्दी जमल्यावर, लीनाबाईंनी मच्छिंद्रला काउंटरखालची पेटी उघडायला लावली. आत हातावर मावेल एवढा संगणक होता आणि त्याला जोडलेला चार तोंडांचा एक डबा. त्याला हब म्हणतात. वजनकाटा आणि कार्डाचं यंत्र अगदी एकसारख्या दोन वायरींनी त्या हबमध्ये जोडलेली.

"या हबला स्वतःची वीज नाही," बाई म्हणाल्या. "सगळा भार या एवढ्याशा संगणकावर. कूलर चालू झाला की क्षणभर विजेचा दाब उतरतो. दोन्ही वायरी सुटल्यासारख्या होतात आणि पुन्हा लागतात. संगणक त्यांना तोंडावरून ओळखत नाही, जी आधी लागली ती पहिली, एवढंच त्याला कळतं. क्रम बदलला की काट्याचा आकडा तो कार्डाचा समजतो. काट्याकडून टिंब येत नाही, नुसते आकडे येतात. आठ किलो चारशे म्हणजे ८.४, टिंब गेलं की चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी नंबरवर कुणाचं नाव आहे, ते तुम्हाला माहीत आहे."

"हे नास्तिकांचं बोलणं!" महाराज ओरडले.

"असेल. मच्छिंद्रभाऊ, बटण दाबा."

दिवा मंद झाला. ज्योतीचं नाव आलं. बाईंनी कॅनमध्ये एक वीट ठेवली. यंत्र बोललं, "एकशे बारा, काकासाहेब यशवंत."

म्हातारे काकासाहेब पुढेच उभे होते. "आरं, म्या जित्ता हाय की!"

"बाबा, तेराव्याला काय गोड करायचं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"हा संकेत आहे," महाराज म्हणाले. "काकासाहेबांचा काळ जवळ..."

"माजा काळ? थांब, तुजाच दावतो!" काकासाहेबांनी काठी उचलली. महाराज धोतर सावरत मोटारसायकलीकडे पळाले. एवढ्या वेगानं चुंबकीय योनीसुद्धा गेली नसती.

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मच्छिंद्र जवळ आला, हार हातात घेऊन.

"रामहरीभाऊ, खरं सांगू का? हे नाव लई आधीपासनं यायचं. वहिनी हुत्या तवा बी. मी बंद करून चालू करायचो, संपलं. जित्या मानसाच्या नावाकडं कोन बगतं? त्या गेल्यावर मला बी खरंच वाटलं."

त्याच्याबद्दलचा माझा हेवा तिथं संपला, असं मी म्हणणार नाही. पण ती त्याच्याकडे येत नव्हती. माझ्याकडेही येत नव्हती. ती गेली आहे. हे मला रांगेत फोनवर कळलं होतं, पण ते मानायला मला एक वीट लागली. चंद्री माझ्या दावणीला राहिली.

वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. दुःख झालेला माणूस काहीही मानायला तयार असतो, आणि जळणारा माणूस त्याहून जास्त. तेव्हा कुणी दावणीचं जनावर मागितलं, तर द्यायच्या आधी पेटी उघडून बघा. स्वतःला कळत नसेल तर कळणाऱ्याला बोलवा. विचारण्यानं मेलेल्या माणसाचा अपमान होत नाही.

डेअरीनं आता स्वतःच्या विजेवर चालणारा हब घेतला आहे, आणि संगणक प्रत्येक वायर तिच्या खुणेनं ओळखतो. पाटीवर रांगेतल्या माणसांचीच नावं येतात. कडूबाई हे सगळं बघून गेली. तरी म्हणते, "समदं पटलं, पन कालवड परत मागितली आन मालक वाटंतच अडकला तर?"

तिची कालवड अजून मठात बांधलेली आहे. ती आणायला आम्ही अजून गेलेलो नाही.