सामान कोण बघणार?

"दोनच दिवस असतील तर लंडन," शरदचंद्र गोगटे म्हणाले आणि त्यांनी साबुदाणावड्याचा तुकडा चटणीत बुडवला. "पॅरिसला दोन दिवस म्हणजे पॅरिसचा अपमान."

अनुया आणि नंदन उन्हाळ्यात युरोपला निघाले होते. कॅनडातल्या विनिपेगच्या मराठी मंडळींत युरोपला निघालेल्या माणसाने आधी गोगटेकाकांना विचारायचं, हा रिवाज कधी पडला ते कुणालाच आठवत नव्हतं. काका शहराच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यामुळे कुठल्याही शहराबद्दल बोलले तरी ते शहर खालून, पाइपांच्या बाजूने तपासून आल्यासारखे बोलत.

"पण काका, नेमका फरक काय?" नंदनने विचारलं. "म्हणजे व्हाइब?"

"लंडन तुमच्याकडे न बघता मदत करतं. पॅरिस तुमच्याकडे बघून नकार देतं."

नंदनने वाक्य फोनमध्ये टिपून घेतलं.

"लंडनला चहा मागा, चहा देतात, वर सॉरी म्हणतात. कशाबद्दल, ते त्यांनाही ठाऊक नसतं. पॅरिसला आधी बोंजूर म्हणायचं, मग थांबायचं, मग आचमनाएवढी कॉफी मिळते. पण देणारी बाई अशी देते, की तिचा तुमच्यावर जीव होता आणि तो तुम्ही आत्ताच गमावलात."

"वॉव," अनुया म्हणाली. "आणि आयफेल टॉवर? वर गेला होता तुम्ही?"

"त्या बाजूला जाणं झालं नाही," काका म्हणाले. "वडे छान झालेत हं."

कोपऱ्यातल्या खुर्चीत, ऑक्सिजनचं छोटं यंत्र मांडीवर घेऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी चित्राकाकू खिडकीबाहेर बघत हसल्या.

काका खोटं बोलत नव्हते. कॅनडातून सांगलीला जाता-येता दोघं लंडनला आणि पॅरिसला इतक्यांदा उतरले होते, की तिथली बाकडी त्यांना ओळखीची झाली होती. फक्त विमानतळाबाहेर ते कधी पडले नव्हते. आधी भारतीय पासपोर्ट होता आणि व्हिसा नव्हता. पुढे कॅनडाचा पासपोर्ट आला, तेव्हा सामान होतं. जाताना भाचरांची चॉकलेटं, बदाम, कुणाच्या तरी दिराने मागवलेला कॅमेरा. येताना मेतकूट, गोडा मसाला आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी, जी चित्राकाकू तान्ह्या बाळासारखी मान सांभाळत आणत. एकाने वॉशरूमला जायचं, दुसऱ्याने सामान बघायचं.

हातात दिवसभराचा वेळ असला की काकू म्हणत, "जाऊन येऊ या का हो जरा? नदी तरी बघू."

"सामान कोण बघणार?" काका म्हणत. "पुढच्या वेळी."

विमानतळावर सामान ठेवून घेण्याची सोय असते, हे त्यांना माहीत होतं. पण लोणचं परक्याच्या हवाली करायचं नसतं.

अनुयाकडून घरी परतताना गाडीत काका म्हणाले, "लंडन सांगितलं ते बरोबर ना?"

"मी पॅरिस सांगितलं असतं."

"ते नकार देतात अगं."

"नकार द्यायला का होईना, बघतात तरी माणसाकडे," काकू म्हणाल्या. "हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जन्म गेला माझा. सगळे किती चांगले वागले. न बघता."

त्यावर काकांनी हीटर वाढवला.

काकूंच्या पॅरिसप्रेमाला कारण होतं. एकदा तिथल्या बाकड्यावर त्या सामान बघत बसलेल्या असताना एक म्हातारी फ्रेंच बाई समोर येऊन थांबली. तिने न विचारता काकूंच्या इरकलीचा काठ दोन बोटांत धरला, उजेडाकडे केला, काहीतरी पुटपुटली आणि काकूंच्या डोळ्यांत बघून मान डोलावून गेली. बस्स, एवढंच. काका वॉशरूममधून आले तोवर संपलंही होतं. पुढे काकूंनी सेलमध्ये एक निळा कोट घेतला. विनिपेगच्या थंडीत तो रुमालाइतकाच उपयोगी होता. "हा पॅरिसला घालायचा," असं म्हणून त्यांनी तो कपाटात लावला. तो अजून तिथेच होता.

फेब्रुवारीत सांगलीला काकांच्या थोरल्या बहिणीचं सहस्रचंद्रदर्शन निघालं. हजार पौर्णिमा बघितलेल्या बहिणीला भावाने ओवाळणी घालायला जायला हवं होतं. काकूंची फुप्फुसं मात्र आता पोस्टाच्या पेटीपर्यंतच प्रवास करत. डॉक्टरने विमानाला साफ नाही म्हटलं, तेही कॉम्प्युटरकडे बघत.

सस्काटूनहून लेक, अबोली, आईजवळ राहायला आली. "आई कॅनॉट फ्लाय, बाबा. नॉट नाऊ, नॉट लेटर," तिने बापाला किचनमध्ये हळूच सांगितलं. हळू बोललेलं काकूंना आता जास्त स्पष्ट ऐकू यायचं.

त्या रात्रीच्या जेवणाला काकूंनी विषय काढला. "पॅरिसला दिवसभर थांबायचंय ना तुम्हाला?"

"कनेक्शन तसंच मिळालं."

"एकच बॅग न्यायची. कुणाचा कॅमेरा नाही, काही नाही. या वेळी बाहेर पडायचं."

"एकटा?"

"माझ्या वाटचं बघून यायचं. नदीवर उभं राहून फोन करायचा. माझी पुढची वेळ ही, शरद."

एरवी त्या 'अहो' म्हणत. काकांनी घास खाली ठेवला. "करतो," ते म्हणाले.

ठरल्या दिवशी सकाळी विनिपेगला उणे तीस होतं. अबोली बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होती. काकूंनी केस विंचरले, इरकली नेसल्या, आणि नाकातली नळी वर-खाली करत निळा कोट चढवला. एवढ्यानेच धाप लागली. त्या टेबलाशी बसल्या. फोन वाजला.

"अहो, व्हिडिओ लावा ना!"

"बॅटरी जाते त्याने. ऐक आता. बाहेर आलोय."

"नदीवर?"

"नदीवरच. पाणी जरा मातकट आहे. पण वाहण्यात ऐट आहे. पूल आहेत, प्रत्येकावर दिवे. लोक चाललेत. गळ्यात मफलर."

"घाईत आहेत?"

"छे. लंडनचे लोक कुठेतरी पोचायला चालतात. हे नुसते चालतात."

"आणि बघतात का?"

"बघतात की. एका बाईने आत्ता माझ्या मफलरकडे बघितलं आणि नाक मुरडलं."

काकू खुदकन हसल्या. "तो तपकिरी ना? मी सांगितलं होतं, नेऊ नका."

"पुस्तकांची दुकानं आहेत कठड्याला लागून. एक माणूस—"

टिंग टाँग.

मंजुळ सूर होता, उतरत जाणारा. मागोमाग एका बाईचा आवाज, आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत: प्रवाशांनी आपलं सामान कृपया नजरेआड करू नये. काकूंनी हा सूर बाकड्यांवर बसून इतक्यांदा ऐकला होता, की झोपेतही ओळखला असता. काका विमानतळातच होते. दारापर्यंत जाऊन परत फिरले असतील, किंवा उठलेच नसतील.



काकूंनी सूचना पुरती संपू दिली.

"बोटीचा भोंगा वाजला वाटतं," त्या म्हणाल्या.



"हो," काका म्हणाले. "बोट आहे. मोठी आहे चांगली."

"मग? पुस्तकांच्या दुकानातला माणूस?"

"हां. तो... पुस्तक वाचतोय. गिऱ्हाईक आलं तरी मान वर करत नाही. आपण पुढे चाललोय. समोर दुसरा पूल आहे."

बाहेर अबोलीचं फावडं बर्फावर खरवडत होतं. काकूंनी कोटाचं वरचं बटण लावलं.

"जरा हळू चला ना," त्या म्हणाल्या. "मला धाप लागते."

"बरं बरं," काका म्हणाले. "इथे बाक आहे. बसू या."

"आणि सामान?"

"आहे," काका म्हणाले. "आपल्या दोघांच्या मध्ये ठेवलंय."