सहावी बाई

“ऊर बडवू नकोस. ऊर बडवायला हात मोकळे लागतात, आणि तुझ्या हातात ती पांढरी काठी आहे,” तोंडातल्या टाचण्या न काढता थॉमसिन म्हणाली.

“मग रडू कसा?” अँब्रोजने विचारले.

“रडू नकोसच. अनवाणी उभी आहेस, खाली नोव्हेंबरातली फरशी. जिचे पाय गारठलेत तिला आधी पुढचा पाय कुठं टाकावा ते सुचतं. रडू मागनं येतं, आलं तर.”

अँब्रोज पेल एकोणीस वर्षांचा होता आणि आमच्या मंडळीत स्त्रीपार्ट करीत असे. नव्या नाटकात त्याच्याकडे एका कुलीन पत्नीचे काम होते. नवरा तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आळ घेतो, आणि तिसऱ्या अंकात तिला अंगावर पांढरी चादर लपेटून, हातात काठी घेऊन, अनवाणी, भर चर्चमध्ये, सगळ्या गावासमोर पापाची कबुली द्यावी लागते. ती चादर थॉमसिन बार्टलेटने शिवली होती. आमच्या रंगपटातले सारे कपडे तीच सांभाळी, आणि नटांच्या गळ्यांतल्या झालरींना खळ लावून, तापल्या सळईने त्यांच्या चुण्या उभ्या करण्याचे कामही तिचेच होते.

“बाई, तू टाचण्या लाव,” आरशासमोरून बार्नबी थर्कल ओरडला. “बाई कशी असते ते पोराला मी शिकवीन.”

“शिकवा की. तिघींना शिकवलंतच. दोघी मेल्या नि एक पळाली.”

रंगपट हसला. थर्कल आमच्या मंडळीचा म्होरक्या. स्त्रीने रंगभूमीवर स्त्रीचे काम करू नये, कारण ती मुळातच स्त्री असल्यामुळे त्यात कला राहत नाही, असा त्याचा सिद्धान्त होता. तो मी त्याच्याहून अधिक शिकलेल्यांच्या तोंडूनही ऐकला आहे. हाच न्याय लावला तर थर्कलने मूर्खाच्या भूमिका कधीच करायला नको होत्या. पण तो त्या वीस वर्षे करीत होता, आणि लोक त्यांना दाद देत होते.

मी या मंडळीचा नकलनवीस. नाटककाराच्या बाडावरून प्रत्येक नटाची नक्कल उतरवून द्यायची आणि प्रयोगाच्या वेळी पडद्याआड वही धरून बसायचे, हे माझे काम. ऑक्सफर्डला चार वर्षे काढली होती म्हणून मंडळी मला ‘पंडित’ म्हणत. त्या शब्दात आदर किती आणि थट्टा किती, याचा हिशेब मी कधी केला नाही.

त्याच सकाळी धर्मन्यायालयाचा बोलावा घेऊन हुजऱ्या आला. थॉमसिनला वाचता येत नसल्यामुळे कागद मी वाचला. थॉमसिन बार्टलेट, विधवा, ही ‘काही नटांच्या’ संगतीत दिवेलागणीनंतर घरी परतते व तिच्या शीलाविषयी पेठेत बोलवा आहे, अशी तक्रार चर्चच्या कारभाऱ्यांनी केली होती. शुक्रवारपासून आठव्या दिवशी तिने हजर व्हावे.

“काही नट म्हणजे कोण?” तिने विचारले.

“नावं नाहीत,” मी म्हणालो. नावे दोनच असू शकत होती. संध्याकाळी तिच्या वाटेने जाणारे आम्ही दोघेच होतो: अँब्रोज आणि मी.

या तक्रारीमागचा हात कोणाचा, ते साऱ्या पेठेला ठाऊक होते. गिल्बर्ट पोकॉक चरबीच्या मेणबत्त्या विकी आणि उरलेल्या वेळात चर्चचा कारभारीपणा करी. त्याच्या दोन्ही व्यवसायांना सारखाच वास येई. त्याने थॉमसिनला तीनदा मागणी घातली होती. तिसऱ्या वेळी पाणवठ्यावर, दहा बायकांच्या देखत, ती म्हणाली होती, “दादा, मेणबत्ती मला परवडते. मेणबत्तीवाला नाही परवडत.” दहा बायका हसल्या. पुरुषाला नकार पचतो. नकारानंतरचे हसू पचत नाही.

आणि तिला तो खरोखरच परवडणारा नव्हता. तिच्या मृत नवऱ्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की, खालची खोली आणि खळीचा धंदा ‘ती जोवर विधवा व शीलवान राहील तोवर’ तिच्याकडे राहावा. नंतर सारे पुतण्याकडे जावे. म्हणजे लग्न केले तर खोली गेली, आणि शील गेले तरी खोली गेली. मनुष्य थडग्यात आडवा झाल्यावरही बायकोच्या उंबऱ्यावर पहारा देऊ शकतो, ही सोय आमच्या कायद्याने मोठ्या काळजीने करून ठेवली आहे.

धर्मन्यायालय अशा प्रकरणात पुरावा मागत नाही. आरोपी स्त्रीने ‘मी निर्दोष आहे’ अशी शपथ घ्यावी, आणि तिच्यामागून पेठेतल्या सहा अब्रूदार बायकांनी ग्रंथावर हात ठेवून म्हणावे, ‘हिची शपथ खरी आहे असे आम्ही मानतो.’ सहा हात पडले की ती सुटली.

“सहा बायका?” थर्कल म्हणाला. “पाच तर आपल्याकडंच आहेत. दाढ्या करून धाडून देतो.”

“मी जातो ना,” अँब्रोज म्हणाला. तो हसत नव्हता.

“तुझा हात तुझा कुठाय रे? तो करारानं माझा आहे.”

त्या संध्याकाळपासून मी थॉमसिनबरोबर नावे लिहून घ्यायला फिरू लागलो. अन्याय दिसला की मला बोलल्यावाचून राहवत नाही, आणि माझा युक्तिवाद चांगला असतो. तिचा माझ्यावर भरवसा होता.

तीन दिवसांत चार नावे झाली. सुईण मार्जरी, मासे विकणारी बेस, शेजारच्या दोघी म्हाताऱ्या बहिणी, चौघीही विधवा. विधवेचा हात कोणाच्या मालकीचा नसतो, म्हणून तो लवकर पुढे येतो. पाचवी नावाड्याची बायको. तिचा नवरा होडी घेऊन आठवडाभर वरच्या अंगाला गेला होता, म्हणून तिला स्वतःचे मत होते.

सहावीसाठी आम्ही पिंपे बनवणाऱ्या टिब्जच्या घरी गेलो. त्याच्या बायकोची, जॉइसची, दोन बाळंतपणे थॉमसिनने काढली होती.

“येते की,” जॉइस हात पुसत म्हणाली. “त्यात काय विचारायचं?”

“कुठं येतेस?” आतून टिब्ज आला.

“शपथेला. थॉमसिनसाठी.”

“हात कुणाचा?”

जॉइस पुन्हा हात पुसू लागली.

“विचारतोय मी. हात कुणाचा?”

“तुमचा.”

“मग माझ्या हाताला कामं आहेत.” तो माझ्याकडे वळला. “पंडित, तुम्ही शिकलेली माणसं. बायको नवऱ्याचं अंग, असं पुस्तकातच आहे ना? मग अंगानं परस्पर उठून कोर्टात जायचं?”

मी त्याला पुष्कळ उत्तरे दिली. बायको जर नवऱ्याचे अंग असेल तर प्रसूतीच्या कळा त्याला का येत नाहीत, असे विचारले. जिच्या विवेकाचा जाब तिला ईश्वरापुढे एकटीने द्यायचा आहे, तिच्या हाताचा मालक दुसरा कसा, असे विचारले. ज्या देशाच्या तख्तावर छत्तीस वर्षे एक स्त्री बसली आहे त्या देशात हा प्रश्नच कसा निघतो, असेही विचारले. टिब्जने दार लावून घेतले. पोकॉक त्याच्याकडून चरबीची पिंपे घेत असे, हे त्याचे एकमेव आणि पुरेसे उत्तर होते.

“छान बोललात,” परतताना थॉमसिन म्हणाली. मग काही पावले गेल्यावर, माझ्याकडे न बघता: “एमट येईल का?”

एमट माझी बायको. त्या रात्री जेवताना तिनेच विषय काढला.

“अहो, मला का नाही विचारलंत? मी जाईन ना. रोज संध्याकाळी तुम्ही कुणाबरोबर येता, किती वाजता येता, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?”

“म्हणूनच तू जाऊ नयेस,” मी म्हणालो, आणि मुद्देसूद समजावून सांगितले. संशयित पुरुषाची बायको साक्षीला आली तर नवऱ्याने पाठवली असे लोक म्हणतील, आणि थॉमसिनचा पक्ष दुबळा होईल. शिवाय आज कागदावर कोणाचे नाव नाही. एमट उभी राहिली की न्यायाधीश नवरा कोण ते विचारील आणि नाव येईल. नाव आले की नाटकगृह बंद करण्याच्या पेठेतल्या अर्जाला बळ मिळेल, आणि वीस माणसांच्या पोटावर पाय येईल.

“म्हणजे नाव तुमचं येईल,” एमट म्हणाली.

“मी मंडळीचं बोलतोय.”

“हो, मंडळीचंच.” तिने माझ्यापुढची थाळी उचलली. “मी जाऊ नये, असंच ना?”

“तुला पटतंय ना?”

“पटायचं कुठं विचारलंत? जाऊ नये, एवढंच ना?”

“हो,” मी म्हणालो.

टिब्जला एका वाक्यात जे जमले, त्याला मला पाव घटका लागली. विद्येचा एवढाच फरक.

सकाळी मी थॉमसिनला तेच मुद्दे त्याच क्रमाने सांगितले. ती सळई तापवीत होती, झालरीची कड मी धरली होती. तिने सगळे ऐकून घेतले.

“बरोबर आहे तुमचं,” ती म्हणाली. “झालर सोडा. हात भाजेल.”

आठव्या दिवशी चर्चच्या कडेच्या दालनात न्यायालय बसले. न्यायाधीशाला पडसे झाले होते आणि त्याला घरी जायचे होते. मी मागच्या खांबाआड उभा होतो. पाच बायका एकामागून एक पुढे झाल्या आणि ग्रंथावर हात ठेवून गेल्या.

“सहावी?” त्याने विचारले.

“नाही महाराज.”

“सहावी नाही, तर शपथ पुरी नाही. पुरी नाही, तर तू दोषी.”

“मग या पाचजणी खोटं बोलल्या का?”

“तसं मी म्हणालो नाही.”

“त्या खऱ्या, नि त्या म्हणतात मी खरी.”

“बाई, इथं सहा मोजतात,” तो नाक पुसत म्हणाला, आणि लेखनिकाला खूण केली. रविवारी प्रार्थनेच्या वेळी पांढरी चादर, हातात काठी, अनवाणी, मोठ्याने कबुली.

दुपारी आमच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. थॉमसिन नेहमीच्या वेळी आली. तिने अँब्रोजच्या खांद्यांवर चादर बसवली आणि टाचण्या लावल्या. तिसऱ्या अंकात तो तिने शिकवल्याप्रमाणे चालला. पाय कुठे टाकावा ते पाहत, हळू, रडल्याविना. नाटकगृह हमसून रडले. सज्जात पोकॉक बसला होता. निरपराध स्त्रीची ही विटंबना त्याच्याने बघवेना. रुमाल डोळ्यांना लावून त्याने शेजाऱ्याचा हात धरला. जी स्त्री अस्तित्वात नाही तिच्यासाठी पुरुषाचे काळीज केवढे विशाल होते! खरीच्या अंगी मात्र एक मोठा दोष असतो, तिची खोली कुणाला तरी हवी असते.

“हे बघ, हिला म्हणतात बाई!” पडदा पडल्यावर अँब्रोजला मिठी मारीत थर्कल म्हणाला. अँब्रोज त्याच्या हातांतून सुटला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

रविवारी चर्च भरले होते. थॉमसिन मधल्या वाटेने आली. तिच्या अंगावरची चादर चर्चची होती, अनेकजणींनी पांघरलेली, कडेला विरलेली. वेदीसमोर उभी राहून ती पाद्र्यामागून शब्द म्हणू लागली: मी, थॉमसिन बार्टलेट, माझ्या दुर्वर्तनाने ईश्वराला व या पेठेला दुखावले. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा नियम आहे, आणि तो पोचला. ती रडली नाही. माझ्या पुढच्या बाकावर टिब्ज बसला होता. तो शेजाऱ्याच्या कानाशी लागला.

“नाटकातली बरी करत होती,” तो म्हणाला. “हिला काही जमत नाही.”

मंगळवारी पुतण्या कुलूप घेऊन आला. नदीपलीकडे एका कापडवाल्याकडे धुणावळीचे काम मिळाले म्हणून थॉमसिन निघाली. आमच्या मंडळीने तिला निरोप दिला नाही. दुपारचा प्रयोग होता. खळीचे घंगाळ जड होते, ते तिने अंगणात उतरवून ठेवले आणि दोन्ही कड्या धरायला दुसरे माणूस शोधू लागली. मी प्रयोगाला निघायच्या बेतात होतो; आमच्या घराच्या खिडकीतून ते मला आणि एमटला दिसत होते.

“अहो,” एमट म्हणाली, “थॉमसिनला पुलापर्यंत पोचवून येऊ का?”

“अगं, जा ना. विचारायचं काय त्यात?”

“येऊ का?”

“ये.”

मग ती गेली. दोघींनी घंगाळ उचलले आणि मधून मधून हात बदलत त्या गल्लीच्या वळणाआड झाल्या.

दिवस मावळायच्या आत मी प्रयोगाहून आलो, आणि पाठोपाठ एमट परतली. तिने ओले बूट दाराशी काढले, चूल पेटवली आणि पातेल्यावर वाकून उभी राहिली. पाणी उकळू लागले तरी ती तशीच होती.

“काय झालं?” मी विचारले.

“मीठ घालू का?” ती म्हणाली.