टप कापला तो हिवाळा

त्या हिवाळ्यात मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या त्यांच्या भाड्याच्या घराच्या आवारात एक मोडकी फोर्ड पिकअप उभी होती, आणि तूबा परकारचे सगळे शुक्रवार तिच्याखाली, तिच्यावर नाहीतर तिच्या आत गेले. आता तीन वर्षं झाली. तरी कुठे ग्राइंडर चालला आणि तो जळका वास नाकात गेला, की तिला आधी अम्मीने पायरीवर आणून ठेवलेला चहा आठवतो, आणि मग अब्बा.

अब्बा म्हणजे जमाल परकार, मूळचे दाभोळ खाडीकडचे. चौदाव्या वर्षी मुंबईत मामांच्या गॅरेजात डेंटिंग शिकले, अठ्ठाविसाव्या वर्षी मस्कतला आले आणि वादी अदाईतल्या एकाच गॅरेजात तेहतीस वर्षं गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करत राहिले. मग एक दिवस भरदुपारी घरी येऊन म्हणाले, "झालं. वय झालं आता. सोडली नोकरी." गॅरेजचा मालक यासिर भला माणूस. त्याने व्हिसा मुदत संपेपर्यंत राहू दिला. आठ महिन्यांनी अब्बा आणि अम्मी गावी जाणार, आणि तूबा इथेच राहणार, असं ठरलं. तिची नोकरी एका कंपनीत एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढण्याची होती.

पण ते आठ महिने काढायचे कसे? अब्बा दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. अम्मी, म्हणजे वजीरा, हाक मारायची आणि यांचं लक्षच नसायचं. "भिंतीशी बोलावं आणि यांच्याशी बोलावं, सारखंच," वजीरा तूबाला म्हणायची. "गावी जाईपर्यंत माणूस घरात कुजून जायचा."

अशात यासिर घरी आला. त्याच्या खजुराच्या बागेत त्याच्या वडिलांची एक्कावन्न सालची पिकअप पडून होती. म्हाताऱ्याने ती कुवेतहून जहाजावर घालून आणली होती. "जमालभाई, एक बार चलती हुई देखनी है," यासिर आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "फिर खलास. जैसा बनाना है, बनाओ."

बघायला तूबाही गेली. गाडीला बॉनेट नव्हतं. चारही मडगार्ड गंजून खाली गळून पडले होते. मागच्या हौद्याच्या फळ्या वाळवीने खाल्ल्या होत्या आणि आठ सिलिंडरचं इंजिन जाम होतं. अब्बांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मान हलवली.

"सामान कुठून आणायचं याचं? अर्धी गाडीच नाही."

"अब्बा, नसलेलं लावायलाच नको," तूबा म्हणाली. तिने मोबाइलवर एक फोटो शोधून त्यांच्यापुढे धरला. "हे बघा. हॉट रॉड म्हणतात याला. अमेरिकेत जुन्या जमान्यातली पोरं घरीच बनवायची. मडगार्ड काढून टाकायचे, बॉनेट काढायचं, गाडी खाली बसवायची. आपली आधीच अर्धी झालेली आहे."

अब्बा त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. कित्येक दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललेलं तूबाला दिसलं.

पुढच्याच शुक्रवारी पिकअप आवारात येऊन पडली. अम्मी दारात उभी राहून म्हणाली, "लोक गावी जाताना सामान कमी करतात." पण दुपारी तिनेच चहा आणला आणि ड्रायव्हरच्या सीटखालून निघालेलं उंदरांचं घरटं काठीने बाहेर ओढलं.

अब्बांचे दोस्त हारून, राजापूरचे मेकॅनिक, दर शुक्रवारी नमाजानंतर यायचे. त्यांनी इंजिनात डिझेल आणि गिअर ऑइल ओतून ठेवलं. तीन आठवडे रोज संध्याकाळी अब्बा हाताने फिरवून बघत, आणि एका संध्याकाळी ते बोटभर फिरलं. त्या बोटभराचा अब्बांना एवढा आनंद झाला, की त्यांनी अम्मीलाही बाहेर बोलावून फिरवायला लावलं.

भांडण झालं ते टपावरून. त्या सगळ्या गाडीत एकच गोष्ट शाबूत होती, ती म्हणजे केबिनचा टप. ना चेप, ना गंज. आणि तूबाला तो चार इंच कापून खाली बसवायचा होता. जुन्या हॉट रॉड तशाच असत, टप बसका आणि काचा अरुंद.

"चांगला पत्रा कापायचा?" अब्बा म्हणाले. "तेहतीस वर्षं वाकडं सरळ केलं मी. धड असलेल्या वस्तूला करवत लावली नाही कधी."

"मग ती हॉट रॉड नाही होणार, अब्बा. नुसती तुटकी पिकअप होईल."

"होऊ दे."

दोन शुक्रवार ते टपाबद्दल बोललेच नाहीत. तूबाने वाद घातला नाही. तिने ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून एक ड्रॉइंग काढलं. टप पेलणारे खांब वर आत कलत जातात, त्यामुळे चार इंच काढले की वरचं आणि खालचं जुळत नाही. ते जुळवायला टप मधोमध किती फाकवायचा, पुढचे खांब किती कलवायचे, सगळी मापं घालून. कागद तिने अब्बांच्या चष्म्याखाली ठेवून दिला.

तिसऱ्या शुक्रवारी ती उठून बाहेर आली, तर केबिनच्या चारही खांबांवर निळ्या टेपच्या पट्ट्या लागल्या होत्या. आत लोखंडी पाइप आडवेतिडवे वेल्ड केलेले होते, कापल्यावर केबिन हलू नये म्हणून. अब्बांनी ग्राइंडर तिच्या हातात दिला.

"मागच्या मापात पाव इंचाचा फरक होता. सुधारलाय. आता तूच लाव. माझा हात नाही चालत."

तिने गॉगल चढवला. ठिणग्या उडायला लागल्या तसे अब्बा तोंड फिरवून उभे राहिले. पण शेवटचा खांब सुटला तेव्हा टप झेलायला तेच पुढे होते. दोघांनी तो उचलून चटईवर ठेवला. मग अब्बा म्हणाले, "आता मागे फिरायला जागा नाही. ये, पकड."

खरी कसोटी पुढे होती. टप खाली बसवून, मधे पट्टी घालून सगळं वेल्ड केल्यावर उष्णतेने पत्रा जागोजाग लाटांसारखा उठला. तो बसवायचा म्हणजे आतून डॉली धरायची, म्हणजे मुठीएवढा गुळगुळीत पोलादी ठोकळा, आणि बाहेरून हातोडी मारायची. अब्बांसाठी हे रोजचं काम. पण त्या दिवशी ते तासभर ठोकत राहिले, आणि पत्रा बसण्याऐवजी आणखी फुगला. त्यांनी हातोडी बदलली. उन्हाला नावं ठेवली. परत ठोकलं. फुगवटा वाढला.

तूबा शिडीवर बसून बघत होती. ती म्हणाली, "अब्बा, डॉली हातोडीखाली येत नाहीये."

"काय?"

तिने आवाज चढवून पुन्हा सांगितलं.

"तुला काय माहीत?"

"आवाज येतो ना वेगळा. बरोबर लागली की ठण् वाजतं. आता नुसतं ठप् ठप् वाजतंय."

अब्बांचा हात वरच्या वर थांबला. त्यांनी हातोडी खाली ठेवली, फूटबोर्डावर बसले आणि तळहाताने तोंड पुसलं.

"मला नाही येत तो आवाज," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. तुम्ही बोलता ते अर्धं ओठांवरून समजतो. हा बारीक आवाज तर गेलाच."

तूबा शिडीवरून उतरून त्यांच्या शेजारी बसली.

"गॅरेजात एका नव्या गाडीचं दार असंच फुगवलं मी. यासिर काही बोलला नाही, दुसरं दार मागवलं. मी त्याच दिवशी घरी आलो. नोकरी सोडली नव्हती, तूबा. सुटली होती. तेवढं तुझ्या अम्मीला नको सांगू."

"सांगा तुम्हीच," तूबा म्हणाली. "ती समजते की तुम्ही तिला उत्तरच देत नाही."

ते त्यांच्या मनात आलंच नसावं. ते दाराकडे बघत राहिले. मग उठून आत गेले. बऱ्याच वेळाने वजीरा त्यांना घेऊन बाहेर आली, तिचे डोळे लाल होते. तिने नवऱ्याला बाजूला खुर्चीत बसवलं आणि तोंडापुढे तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "जेवून घ्या. मग ठोका."

जेवणानंतर अब्बांनी तूबाला शिडीवर परत बसवलं. "मामा डोळे मिटून ऐकायचे," ते म्हणाले. "तूही मिट. ठण् आलं की 'लागलं' म्हण. ठप् आलं की 'पोकळ' म्हण. जोरात म्हण."

आणि मग आवारात हेच सुरू झालं. पोकळ. पोकळ. लागलं. लागलं. पोकळ. तूबाचं मराठी शाळेपासून अडखळतं, निम्मं इंग्रजीने भरलेलं. पण हे दोन शब्द ती त्या महिन्यात इतक्या वेळा ओरडली, की शेजारची मुलंही भिंतीपलीकडून ओरडायला लागली. हळूहळू अब्बा बोटांवर येणाऱ्या धक्क्यावरूनही ओळखायला लागले, आणि मधूनच तिच्या आधी म्हणायचे, "हे लागलं. खरं ना?" ती म्हणायची, "खरं."

सांध्यांत त्यांनी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली नाही. लांबी भरणं त्यांना नेहमीच कमीपणाचं वाटे. मामांनी शिकवलं होतं तसं शिसं वितळवून भरलं, दोघांनी तोंडाला मास्क बांधून. शिसं पसरवायला लाकडी पट्टी हवी होती. ती अम्मीच्या जुन्या लाटण्याची झाली, आणि अम्मीला हे दोन दिवसांनी कळलं. शिसं लोण्यासारखं मऊ झालं की अब्बा ते एका हाताने ओढून नेत, आणि मागे पत्रा आणि सांधा यांत फरक उरत नसे. तूबाला वाटायचं, हे आणखी खूप दिवस चालावं. तिने एका रविवारी, म्हणजे तिथल्या कामाच्या दिवशी, खोटं कारण सांगून ऑफिसला दांडी मारली, नुसतं ते बघायला.

तोवर हारूननी इंजिनही चालतं केलं, आणि मार्चच्या शेवटी गाडी उभी राहिली. मडगार्ड नाहीत, बॉनेट नाही, उघडं इंजिन, बसका टप, वरून नुसता काळा प्रायमर. रस्त्यावर चालवायला असल्या गाडीला परवानगी नव्हती, म्हणून ट्रकवर चढवून यासिरच्या बागेत नेली. तिथे गेल्यावर कळलं, की यासिरने आपल्या आईला काही सांगितलंच नव्हतं. रहिमा, ऐंशीच्या घरातली बाई, काठी टेकत आली. लग्न होऊन ती याच पिकअपमधून सासरी आली होती. तिने गाडीभोवती फेरी मारली आणि कापलेल्या टपाच्या कडेवरून हात फिरवला. अब्बांचा चेहरा उतरला. त्यांनी तूबाचा हात धरला.

म्हातारी अरबीत काहीतरी म्हणाली. यासिर हसायला लागला.

"बोलती है, छोटी हो गयी. मैं भी छोटी हो गयी. अब ठीक बैठेगी."

आणि तिने दार उघडायला सांगितलं. ते दार अडकत होतं. बाकी सगळं जुळलं तरी ते एक दार नीट बसलं नव्हतं. तूबाने जोर लावून ते ओढलं. रहिमा आत बसली, अब्बा स्टिअरिंगमागे. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. खजुरांच्या दोन रांगांमधून ती काळी गाडी धूळ उडवत बागेच्या टोकापर्यंत गेली आणि वळली. हारून मोबाइलवर शूटिंग करत होते. अम्मी ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "किती आवाज करते मेली. यांना ऐकू येत असेल."

येत होता. अब्बा उतरले तेव्हा म्हणाले, "आठही सिलिंडर चालतायत. पोटात कळतं."

मे महिन्यात ते गावी गेले. रत्नागिरीत कानाचं मशीन घेतलं, ते त्यांना आवडत नाही, पण अम्मीपुढे लावतात. अमेरातचं घर सुटलं. तूबा आता मस्कतमधल्या मदिनत सुलतान काबूसमध्ये एका मैत्रिणीबरोबर फ्लॅटमध्ये राहते, तिथे ठोकाठोकी करायला आवार नाही. म्हणून महिन्यातून एखाद्या शुक्रवारी ती यासिरच्या बागेत जाते, गाडी सुरू करून एक फेरी मारते, आणि मग त्या अडकणाऱ्या दाराच्या मागे लागते. बिजागरी सैल करते, मधे पत्री, म्हणजे पत्र्याचा पातळ तुकडा, सरकवते, परत आवळते. अब्बा व्हिडिओ कॉलवर असतात.

"अजून वरून घासतंय," परवा तिने सांगितलं.

"मग एक पत्री काढ," अब्बा म्हणाले. "आणि सावकाश कर. मी बसलोय इथे."