आपल्याकडे असंच असतं

धाकटी म्हणजे घरातली धाकटी, एवढंच. नाहीतर चाळिशीला टेकलेली, हाडापेरानं भक्कम आणि बोलायला लागली की भल्याभल्यांना गप्प बसवणारी बाई. पण दादाच्या पाठची म्हणून आईनं एकदा धाकटी म्हटलं आणि ते नाव परदेशापर्यंत तिच्या मागोमाग गेलं.

परदेशात ती दात करायची. खोटे दात हो. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, आणि हिच्या टेबलावर कोणाची कवळी, कोणाची कॅप तयार व्हायची. घासायची, रंग जुळवायचा, पुन्हा घासायची. लॅबचा मालक म्हातारा होता आणि आता त्याचे हात थरथरायला लागले होते. "तुला इथे कायमचं राहायची परवानगी मिळाली तर लॅब तू चालव," त्यानं स्वच्छ सांगितलं होतं. "नाही मिळाली तर मी कुलूप घालतो." कुलूप लागलं की हिचाही गाशा गुंडाळलाच म्हणायचा, कारण हिचा परवाना त्या नोकरीशी बांधलेला. नोकरी गेली की विमान पकडायचं.

दुसरं कोणी असतं तर अन्नपाणी गोड लागलं नसतं. ही मस्त घोरत होती. कर वेळेवर भरलेले, भाषेची परीक्षा पहिल्या फटक्यात पास, कागदांची फाइल दाताच्या कवळीसारखी चोख बसवलेली. "मला नाही म्हणायला त्यांच्याकडे कारणच नाही," असं ती फोनवर दादाला ऐकवायची.

दादा स्वतः कधी विमानात बसला नव्हता, सल्ले मात्र जगभरचे द्यायचा. परवानगीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यानं बजावलं, "तिथे गोड बोल. तुमचा देश छान, तुमची माणसं छान, एवढंच. तक्रारीचा सूर लावू नकोस. तुला सवय आहे."

"मला कसली सवय?"

"हीच."

मुलाखत घेणारी अधिकारी बाई साधारण हिच्याच वयाची निघाली. चष्मा नाकावर घसरलेला, टेबलावर फायलींचा ढीग, खिडकीला जुनाट पडदा. काम काय करता, शेजारी कोण राहतं, आजारी पडलात तर कुठे जाता, असं एकेक तिनं विचारलं आणि धाकटीनं फाडफाड उत्तरं दिली. तिथली भाषा तिला येतच होती. मनात मराठी वाक्य व्हायचं आणि तोंडातून परदेशी बाहेर पडायचं, एवढाच काय तो फरक. अधिकारी बाई मान डोलावत होती. गाडी रुळावर होती.

मग त्या बाईनं फाइल चाळता चाळता सहज विचारलं, "एवढे कागद जमवायला फार त्रास झाला असेल ना?"

झालं. जखमेवरची खपली निघाली.

"त्रासाचं काय विचारता मॅडम," धाकटी म्हणाली, "आपल्याकडे असंच असतं. ऑफिसात फोन कोणी उचलत नाही. उचललाच तर ज्याला माहिती आहे तो नेमका रजेवर. एकाच कागदाची प्रत मागतात, हरवतात, परत मागतात आणि वर आपल्यालाच विचारतात, आधी का नाही दिलीत म्हणून."

अधिकारी बाईचा चेहरा एकदम मऊ झाला. "मला कल्पना आहे," ती म्हणाली. "तिकडून येणारे सगळे हेच सांगतात. म्हणून तर लोक इकडे येतात. आता सुटलात तुम्ही त्यातून." आणि तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. चांगलंच लिहिलं असणार.

धाकटीला क्षणभर उमगेना, ही बाई कीव कशाची करतेय. मग उमगलं. 'आपल्याकडे' हा शब्द तिनं मराठीतून उचलून जसाच्या तसा त्या भाषेत ठेवला होता, आणि त्या भाषेत आमचं आणि आपलं यांना एकच शब्द. बाईनं ऐकलं ते 'आमच्या देशात.'

आता शहाण्या माणसानं काय करावं? गप्प बसावं. फुकटची सहानुभूती पदरात पडतेय, घ्यावी आणि चालू लागावं. दादा समोर असता तर त्यानं हात जोडून हेच सांगितलं असतं. धाकटीही गप्प बसली, अगदी दोन श्वास बसली. पण तिला आठवला तो गावाकडच्या कचेरीतला कारकून. तिच्या जन्माचा दाखला त्यानं दादाला उभ्या उभ्या काढून दिला होता, वर "ताईंना शुभेच्छा सांगा" म्हणाला होता. करणार कोण आणि शिव्या खाणार कोण. हे काही तिला गिळवेना.

"मॅडम, तिकडचं नाही म्हणाले मी," ती म्हणाली. "इथलं म्हणाले."

पेन थांबलं.

"तिकडचा दाखला माझ्या भावाला एका फेरीत मिळाला. प्रती हरवल्या त्या इथे. खालच्या मजल्यावर."

बाईनं चष्मा वर सरकवला. चेहऱ्यावरचा मऊपणा कुठल्या कुठे गेला. "मग 'आपल्याकडे' का म्हणालात?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि गंमत अशी की उत्तर धाकटीला स्वतःलाच माहीत नव्हतं. ती असं कधीपासून म्हणायला लागली? लॅबमध्ये म्हणायची, भाजी घेताना म्हणायची, म्हाताऱ्याशी भांडताना तर हमखास. कधी फिरला तो शब्द तिकडून इकडे, तिलाही कळलं नव्हतं.

"खरं सांगू का," ती सावकाश म्हणाली. "आमच्या भाषेत दोन शब्द आहेत. आमच्याकडे म्हटलं की त्यात तुम्ही नाही. आपल्याकडे म्हटलं की तुम्हीही आलात, मीही आले. मला इथे पाहुणीसारखं वाटत असतं तर मी तुमच्याकडे म्हणाले असते, आणि मग तक्रारच केली नसती. पाहुणा कधी नावं ठेवतो का? त्याला भाजी खारट लागली तरी तो छान झालीय म्हणतो. नावं ठेवायची ती घरच्यांनी. आमच्यात म्हणतात, आपलेच दात आणि आपलेच ओठ."

"म्हणजे?"

"आपल्याच दातांनी आपला ओठ चावला, तर तक्रार कोणाकडे करणार?"

अधिकारी बाईनं पेन खाली ठेवलं. हसली नाही. "खालच्या मजल्यावर कुठली खिडकी?" तिनं विचारलं.

"डावीकडची. कुंडीत झाड वाळलंय तिथली."

"त्या झाडाचं मी दोनदा लिहून दिलंय," बाई म्हणाली. "पाणी घालायचं काम कोणाचं, हेच अजून ठरलेलं नाही." मग तिनं उसासा टाकून शिक्का ओढला, शाईवर दाबला आणि म्हणाली, "आपल्याकडे असंच असतं."

'आपल्याकडे' तिनं नीट उच्चारलं नाही, पण उच्चारलं मराठीतच.

शिक्क्याचा कागद छातीशी धरून धाकटी रस्त्यावर आली. आनंद पोटात मावत नव्हता. लॅब तिची झाली होती. म्हाताऱ्याला सांगायचं होतं, दादाची जिरवायची होती, पण पहिला फोन तिनं आईला लावला.

"आई, मिळाली परवानगी."

"कायमची?"

"कायमची."

"मला माहीतच होतं," आई म्हणाली. "तू मनावर घेतलंस की कोणाची टाप आहे नाही म्हणायची." मग म्हणाली, "धाकटे, एक विचारू? रागावू नकोस हं."

"विचार की."

"तुझं कपाट. दादाची मुलगी मोठी झाली आता, तिला कपडे ठेवायला जागा नाही. ती कधीपासून मागतेय. मीच म्हणायचे, राहू दे, आत्या आली परत तर तिला लागेल. आता देऊ का तिला?"

धाकटीला वाटत होतं, ते कपाट कधीच रिकामं झालं असेल. "अजून काय आहे त्यात?"

"तू गेलीस तेव्हा होतं तेच. डांबरगोळ्या तेवढ्या बदलते मी."

तिला रडू आलं आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, ती रडली. आईनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "वेडी आहेस का. चांगली बातमी ना ही?"

"चांगलीच आहे," धाकटी नाक पुसत म्हणाली. "दे तिला कपाट. वरचा एक खण तेवढा माझ्यासाठी ठेव. सुट्टीत येईन तेव्हा लागेल."

"ठेवते. पाहुणीला एक खण पुरतो," आई म्हणाली.

"पुरतो," धाकटी म्हणाली.