सुमित्राबाईची काळी कढई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. काळीकुट्ट आहे आणि हे मी मान वर करून सांगते. माझा सगळा जीव त्या काळ्या रंगातच आहे. एकदा तो रंग गेला होता. कसा गेला ते मला दिसत होते, पण बोलायला मला तोंड कुठे आहे?

आमगावच्या एका लोहाराने मला ठोकून ठोकून घडवले. तेव्हा मी राखाडी होते, नव्या नवरीसारखी बुजलेली. उदारामने मला बिरसीला आणले आणि बायकोच्या, सुमित्राबाईच्या हाती दिले. त्या घरात कोंबडीचे भांडे स्वयंपाकघरात जात नाही. त्यामुळे माझा मुक्काम पहिल्यापासून अंगणातल्या सपरीत, म्हणजे छपराखाली, खुंटीवर. सुमित्राबाई मला जवसाचे तेल चोळायची, चुलीवर तापवायची, पुन्हा चोळायची. असे महिनोन् महिने चालले, तेव्हा कुठे मी काळी झाले आणि माझ्या अंगाला काही चिकटेनासे झाले. साबण मला कधी लागला नाही. काम आटोपले की भातगिरणीतला मूठभर कोंडा टाकून ती मला पुसायची. उरलेले तेल कोंडा पिऊन टाकायचा.

उदाराम वारला, तेव्हा लेक प्रफुल लहान होता. सुमित्राबाईने पदर खोचला आणि सपरीतच दुकान मांडले. कोंबडीला मीठ, लसूण, लाल मिरची. वरून तांदळाची पिठी आणि थोडे लाखोरी डाळीचे पीठ. मग फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलात माझ्या पोटात. काय तो आवाज, काय तो वास! रस्त्यावरचा माणूस सायकल थांबवायचाच.

आमच्या बिरसीत विमानतळ आहे आणि विमान चालवायला शिकवणारी शाळाही. तिथली मुले आमच्याकडे येऊ लागली. त्यांच्यातली टीना भारी बोलकी. जिथे जाईल तिथली कोंबडी खाऊन आलेली! ती सांगायची, अमेरिकेत कोंबडी आंबट ताकात भिजवतात आणि मैद्यात घोळतात. कोरियात दोनदा तळतात आणि वरून गोड-तिखट पाक चोपडतात. जपानात आले घालून मुरवतात, बटाट्याचे सत्त्व लावतात, आणि नाताळात तर मोठ्या कंपनीच्या दुकानापुढे कोंबडीसाठी रांगा लागतात.

"अन् आपल्या केरळात, काकी, खोबऱ्याच्या तेलात कढीपत्ता टाकून."

"भात नाई खात का कोणी संगं?" सुमित्राबाईने विचारले. तिला तेवढीच काळजी.

"फिलिपीन्समध्ये खातात ना! तिथे मोठ्या दुकानातसुद्धा तळलेल्या कोंबडीसोबत भातच देतात."

"मंग ते आपलेच लोक हायेत वो!" सुमित्राबाई इतकी हसली की झारा हातातून सुटला. मलाही वाटले, जगभर माझ्या किती बहिणी आहेत! प्रत्येकीच्या पोटात कोंबडी तीच, पीठ तेवढे गावागावाचे.

तोवर प्रफुल मोठा होऊन नागपूरला अशाच एका मोठ्या कंपनीच्या, लाल पाटीच्या दुकानात लागला होता. तिथे कोंबडी थंडगार पेटीतून येते. यंत्र तळते आणि यंत्रच शिटी वाजवून सांगते, झाले म्हणून. दुकान बंद करताना सगळे घासून चकचकीत करायचे, हा तिथला नियम. पोरगा मन लावून काम करत होता. एकदा सुट्टीवर आला तो बातमी घेऊनच. कंपनी त्याला हैदराबादला पाठवत होती.

सुमित्राबाईचा चेहरा उतरला. "इथं काय कमी हाय रे?"

"माय, मले बी जावंसं नाई वाटत," प्रफुल म्हणाला. "शाळेच्या पोरायची रविवारी पार्टी हाय ना आपल्याकडं? ते नीट झालं, त्यायनं दर रविवारचं जेवण आपल्याले देलं, तं मी नाई जात. दोघं मिळून चालवू."

त्या रविवारी सुमित्राबाई गुणगुणतच मिरच्या आणायला बाजारात गेली. प्रफुल सपरीत आला. मला उलटीपालटी करून पाहिले आणि म्हणाला, "किती वर्षांचा मळ साचून रायला! मायले कोण घासून देईन?"

त्याने नागपूरच्या दुकानातून आणलेली, भांडी चकचकीत करायच्या औषधाची बाटली उघडली. ते पाणी माझ्या अंगावर पडले आणि मी जळले, मित्रांनो. मग तारेची घासणी. घाम गाळत, आईसाठी म्हणून, किती मायेने घासत होता पोरगा! थांब रे बाबा, तो मळ नाही, तुझ्या आईचे हात आहेत ते, असे मला ओरडायचे होते. पण लोखंड कुठे ओरडते?

सुमित्राबाई आली. "माय, पाह्य ना, कशी चकाकून रायली!" प्रफुलचा चेहरा उजळला होता. तिने माझ्यावरून बोट फिरवले. बोटाला नुसते खरखरीत लोखंड लागले. पण लेकाच्या तोंडाकडे पाहून ती म्हणाली, "लय साजरी केली रे."

पोरे आली, तेल तापले, आणि पहिलाच तुकडा मला चिकटला. मग दुसरा. झाऱ्याने खरवडले तर पीठ माझ्या अंगाला आणि कोंबडी उघडी. माझे अंग तुकडे धरून ठेवत होते आणि मला ते सोडता येत नव्हते. दुसरे एवढे भांडे घरात नव्हते. टीनाने मान खाली घालून खाल्ले आणि छान आहे म्हणाली. दर रविवारच्या जेवणाचा विषय कोणी काढलाच नाही.

"माय, आता या कढईत दम नाई रायला," प्रफुल हळूच म्हणाला आणि पिशवी भरायला गेला. खरे कारण सुमित्राबाईच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले. बस निघून गेल्यावर माझ्याजवळ बसून ती रडली.

परवा हैदराबादहून त्याचा फोन आला. "माय, त्या दिवशी पीस काऊन चिटकले असन वो?"

"तेल कमी तापलं असन, बापा. तू जेवला का?"

रोज संध्याकाळी ती मला जवसाचे तेल चोळते, तापवते, पुन्हा चोळते. दुकान बंदच आहे. माझ्या तळाशी मात्र काळी झाक परत आली आहे.

म्हणून सांगते, मित्रांनो, घरातले काही काळे दिसले की घासायला धावू नका. आधी ज्याचे आहे त्याला विचारा. आणि हैदराबादला एखाद्या लाल पाटीच्या दुकानात, पांढरी टोपी घातलेला बिरसीचा प्रफुल भेटला, तर त्याच्या हातून काय झाले ते त्याला सांगू नका. त्याची आईसुद्धा सांगत नाही. फक्त एवढेच सांगा, कढई पुन्हा काळी होऊन रायली.